बुजवलेली खांड

बेलखार गावातून वकील झालेले चार जण होते, पण कायद्याचं संशोधन करणारी प्राप्ती ही पहिलीच. ती नेमकं काय करते, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. वकीलीण म्हणावं तर काळा कोट नाही, मास्तरीण म्हणावं तर शाळा नाही. सत्ताविसावं लागलं तरी पोरगी अजून शिकतेच आहे, म्हणजे डोक्याने जरा कच्ची असणार, असंही काहींचं मत होतं. शेजारची गोदूबाई तर तिला तोंडावरच विचारायची, की एवढी वर्षं शिकून तुला कायदा आला नाही, मग आमच्यासारख्यांनी तो पाळायचा तरी कसा? या प्रश्नाचं उत्तर प्राप्तीच्या मार्गदर्शक बाईंकडेही नसावं.

तिचा विषय मात्र गावाच्या उंबऱ्यातलाच होता. किनाऱ्यावरची खारजमीन, तिच्या रूढी आणि आजचा पर्यावरणाचा कायदा. खारजमीन म्हणजे खाडीला मातीचा उंच बांध घालून, समुद्राचं पाणी बाहेर ठेवून केलेली भातशेती. असा बांध एकट्यादुकट्याने राखता येत नाही. म्हणून ज्यांची शेतं एका बांधाच्या आड, त्या घरांची मिळून एक जोळ असते. उधाणाच्या भरतीने बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की जोळीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस चिखलात उतरतो. कुणी मजुरी मागत नाही आणि कुणी कुणावर उपकार करत नाही. बेलखारची जोळ बेचाळीस घरांची, आणि प्राप्तीचा आजा काळूराम मोकल हा तिचा शेवटचा पंच. प्रबंधाचं चौथं प्रकरण तिने याच जोळीवर लिहिलं होतं. बेलखारच्या जोळीने बांध राखण्याची परंपरा अखंड पाळली, असं त्यातलं पहिलंच वाक्य होतं. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून शेजारी ‘उत्तम’ असं लिहिलं होतं.

आता त्या जमिनीत भात नव्हता. सोळा वर्षांपूर्वी, पिठोरी अमावस्येच्या उधाणात, बांधाला खांड गेली आणि खारं पाणी शेतात शिरलं ते शिरलंच. पाण्यामागून तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आली. प्राप्तीचा तिवरांवर राग नव्हता. ती बिचारी पाणी मिळालं तिथे उगवली. पण कायद्याने तिवरांना हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे, असं ती स्वतः परिसंवादात बोलून आली होती. सातबारा मोकलांचा, झाडं सरकारची. त्यात गेल्या वर्षी ती सगळी जमीन राखीव वन करण्याची अधिसूचना निघाली आणि हरकती घ्यायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. गावाने हरकत घेतली. म्हणणं साधं होतं. बांध चाळीस वर्षांपूर्वीच सरकारी योजनेत गेला होता, दुरुस्तीची जबाबदारी खारभूमी खात्याची होती, खात्याने खांड बुजवली नाही म्हणून शेताचं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, झालं. यात आमचा दोष काय?

हरकत चालवत होती ॲडव्होकेट रचना. गावाच्या वरच्या अंगाला बौद्धवाडी आहे, तिथली. बाप शिक्षक, आणि मुलगी अलिबागच्या कोर्टात सडेतोड म्हणून नावाजलेली. प्राप्ती तिची मदतनीस झाली होती. पहिल्याच दिवशी रचनाताईने चौथं प्रकरण वाचलं आणि शांतपणे म्हणाली, की माझी आजी याच बांधावर उन्हाळाभर चिखल वाहायची, पण तुझ्या बेचाळीस घरांत तिचं घर दिसत नाही. प्राप्तीने साठ मुलाखती घेतल्या होत्या, पण वरच्या वाडीत ती गेली नव्हती. कुणी जा म्हटलं नव्हतं आणि तिलाही सुचलं नव्हतं. ती खजील झाली, आणि त्या दिवसापासून रचनाताईपुढे बोलताना आधी विचार करू लागली.

सुनावणीला आठ दिवस राहिले असताना खात्याचं उत्तर आलं. उत्तर दीड पानाचंच, पण त्याला एक जुना पंचनामा जोडलेला. खांड गेल्यावर नवव्या दिवशी केलेला. त्यात लिहिलं होतं की ग्रामस्थांनी जोळीच्या रिवाजाप्रमाणे सदर खांड स्वतः बुजवली असून शासनाकडे काहीही मागणे नाही. खाली जबाब देणाऱ्याची सही, काळूराम बाळाराम मोकल.

म्हणजे खातं म्हणत होतं, की खांड तुम्हीच बुजवल्याचं तुम्हीच सांगितलंत. मग आम्ही काय दुरुस्त करायचं? खांड बुजली, तरी तिवरं उगवली, म्हणजे ती जमीन मुळात खाजणच असणार. कुंपणानेच शेत खावं, तसा हा प्रकार झाला.

त्या संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि बोलण्याचा मथितार्थ असा की सही खोटी आहे. तेव्हाच्या तलाठ्याने घरी बसून कागद रंगवला, आपल्या हाताने नाव लिहिलं. काळूरामने सुनावणीला उभं राहून एवढंच सांगायचं की ही सही माझी नव्हे. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं, शिवाय तो तलाठी वारलेला. काळूराम कडेला खांबाला टेकून बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, तोंडात चार दात, कान मात्र तिखट. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

रचनाताईने लोकांना एकच गोष्ट सांगितली. सही नाकारली तर कागद हस्ताक्षर तज्ज्ञाकडे जाईल. तो म्हणाला सही यांचीच, तर आपल्या हरकतीतला प्रत्येक शब्द खोटा ठरेल आणि जमीन कायमची जाईल. कुणाला ते पटलं नाही. तज्ज्ञाला काय कळतंय, असं जोळीतलेच रावजीकाका म्हणाले, आणि सभा उठली.

प्राप्तीने मात्र पंचनाम्यावरची सही पाहताक्षणी ओळखली होती. आज्याला प्रौढशिक्षणाच्या वर्गात सही शिकवली होती ती अक्षरांवर रेघ न देता, आणि तशी उघड्या डोक्याची सही साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाची नसेल. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर तीच सही होती. ही गोष्ट तिने रचनाताईला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आज्यामागून बांधावर गेली.

काळूराम रोज सकाळी उरलेल्या बांधावर जाऊन बसायचा. समोर तिवरांचं हिरवं रान, मधून ओहोटीच्या पाण्याच्या नाळ्या. आपलं शेत त्यात नेमकं कुठे, ते त्याला एकट्यालाच सांगता यायचं. प्राप्ती शेजारी बसली आणि आडवळणं न घेता तिने विचारलं, की सही तुमची ना?

“माजीच हाय,” तो म्हणाला. “माज्या हातानं केल्ली.”

“आणि वर लिहिलंय ते?”

“ते खोटां हाय. खांड बुजलीच न्हाय कदी.”

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. तलाठी नवव्या दिवशी आला, रस्त्यावर उभा राहून लांबूनच बांधाकडे बघितलं आणि विचारलं, काय हो पंच, बुजवली का? काळूराम हो म्हणाला. एवढंच त्याने सांगितलं. का म्हणालात, असं तिने तीनदा विचारलं तेव्हा तो उठून पायवाटेने घराकडे निघून गेला. साठ मुलाखती घेतलेल्या प्राप्तीला कळून चुकलं, की आपल्याच घरातली एकसष्टावी मुलाखत आपल्याला घेता येत नाही.

मग ती गोदूबाईकडे गेली. गोदूबाई अंगणात सुकटीला ऊन दाखवत होती. पिठोरीच्या खांडीवर ती होती, एवढं प्राप्तीला ठाऊक होतं. तेव्हा तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून घरचा माणूस म्हणून ती स्वतः चिखलात उतरली होती. प्राप्तीने विचारलं, की बेचाळीस घरं असताना खांड बुजली कशी नाही? गोदूबाईने सुकटीवरचा हात काढला नाही. बेचाळीस कुठली, ती म्हणाली, चार घरं आली होती. तुझा आजा, मी, सगुणा आणि तिची शेजारीण. ओहोटी होती तोवर आम्ही बायका गुडघाभर चिखलातून ढेपळं देत होतो आणि तुझा आजा खांडीच्या तोंडाशी कमरेपर्यंत उभा राहून ती लावत होता. भरती आली आणि सगळं घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी खांड एवढी रुंदावली की आम्ही नुसत्या बघत बसलो.

बाकीचे का आले नाहीत, असं विचारल्यावर गोदूबाईने पहिल्यांदा वर पाहिलं.

“ते तुज्या बापाला इचार,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

प्राप्तीचा बाप सदा तेव्हा घरामागे आपला टेम्पो धूत होता. सदा अबोल माणूस. पोरीच्या शिक्षणाला कधी नाही म्हणाला नाही, कधी शाबासकीही दिली नाही. तिने विचारलं आणि त्याने पाण्याची नळी बंद केली. सोळा वर्षं कुणीतरी विचारेल याची तो वाट बघत असावा, कारण त्याला आठवावं लागलं नाही.

त्या वर्षी एक मोठा प्रकल्प येणार म्हणून दलाल फिरत होते. सगळी खारजमीन घेणार, भाव असा की कुणी ऐकला नव्हता. गावात सदाला त्यांनी हाताशी धरलं. तरुण, बोलका, पंचाचा मुलगा. होय, तेव्हा तो बोलका होता. त्याने घरोघर जाऊन लोकांची मनं वळवली. मग पिठोरीला खांड गेली, आणि दलाल म्हणाला की झालं ते बरंच झालं. पडीक जमिनीची संमती लोक लवकर देतात.

“मंग मी पुना घरोघर फिरलो,” सदा म्हणाला. “बोल्लो, जमीन जानारच हाय, आता बांध कोनासाठी बांधताव? जाऊ नका. न लोकांनी ऐकलां.”

प्रकल्प आलाच नाही. दोन वर्षांनी दलालांचे फोन लागेनासे झाले. पण सदाला तोवर आपला वाटा मिळाला होता. त्याचा पहिला टेम्पो त्यातून आला. त्या टेम्पोवर घर चाललं, प्राप्ती अलिबागला शिकली, मग मुंबईला. हे त्याने मुद्दाम सांगितलं नाही, पण वर्षांचा हिशेब तिलाही येत होता. चौथ्या प्रकरणात जी जोळ तिने अखंड म्हणून गौरवली, ती तिच्या बापाने मोडली होती. आणि तिची वह्यापुस्तकं, वसतिगृह, कायद्याचे ते जाडजूड ग्रंथ, सगळं त्या मोडण्यातून आलं होतं. तिला बापाचा राग आला. इतका, की तिथे उभं राहवेना. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण मनात पहिला विचार आला तो, की आजा सही नाकारेल तर बरं होईल.

“तुज्या आज्याला सांग, सही माजी न्हाय म्हून बोल,” सदा म्हणाला. “माज्यासाठी न्हाय. त्याचंच नाव जाईल.”

“पप्पा, मी त्यांना काही सांगणार नाही,” ती म्हणाली.

तिने रचनाताईला मात्र त्याच दिवशी सगळं सांगितलं. रचनाताईने पंचनामा पुन्हा वाचला. कायद्याने पाहिलं तर सत्यच गावाच्या फायद्याचं होतं, ती म्हणाली. खांड कधीच बुजली नव्हती, आणि तपास न करता, तलाठ्याने लांबून केलेल्या पंचनाम्यावर विसंबणारं खातं उघडं पडत होतं. पण जबाब खोटा दिला म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, का दिला? त्याचं उत्तर काळूरामकाकांनी दिलं नाही तर आजचाही जबाब कुणी खरा मानणार नाही. आणि ते उत्तर देणं न देणं त्यांचं आहे, तुझं नाही आणि माझंही नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते निकालाच्या भीतीने नव्हे, असं काहीसं ती पुढे पुटपुटली.

सुनावणीच्या सकाळी सदानेच सगळ्यांना टेम्पोतून अलिबागला नेलं. पुढे काळूराम, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. मागे रावजीकाका, गोदूबाई आणि आणखी सात-आठ जण. वाटेत रावजीकाका दोनदा म्हणाले, की दादा, एकच वाक्य बोलायचं आहे, घाबरू नका. काळूराम खिडकीतून बाहेर बघत राहिला. कचेरीशी पोचल्यावर सदा आत आला नाही. व्हरांड्यात उभा राहतो म्हणाला.

खोली लहान होती. हरकती ऐकणारे अधिकारी चंद्रपूरकडचे, बदलून येऊन चारच महिने झालेले. एका बाजूला खात्याचा माणूस फाईल घेऊन, दुसऱ्या बाजूला रचनाताई, मध्ये संगणकावर जबाब टाइप करणाऱ्या बाई. काळूराम उभा राहून काहीतरी बोलला आणि अडचण लगेच लक्षात आली. चार दातांतून येणारी बेलखारची बोली साहेबांना कळेना, टाइप करणाऱ्या बाई तर पुण्याच्या. साहेबांनी विचारलं, यांचं बोलणं नीट मराठीत कोण सांगेल? रचनाताईने प्राप्तीकडे पाहिलं. प्राप्तीने आपलं ओळखपत्र साहेबांपुढे ठेवलं आणि ती टाइप करणाऱ्या बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नातं काय ते कुणी विचारलं नाही.

साहेबांनी पंचनामा पुढे सरकवला आणि सही कुणाची ते विचारलं.

“सही माजी हाय,” काळूराम म्हणाला. मागच्या बाकावर रावजीकाकांनी कपाळाला हात लावला. “पन खांड बुजली न्हवती. मी खोटां बोल्लो.”

प्राप्तीने ते सावकाश सांगितलं. सही माझी आहे. परंतु खांड बुजवली गेली नव्हती. मी तेव्हा खोटं सांगितलं. कळा टकटक वाजल्या आणि थांबल्या.

खात्याचा माणूस लगेच उठला. आज सोयीचं आहे म्हणून आज फिरले, असं तो म्हणाला, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तेच म्हणाला असता. साहेबांनी काळूरामला विचारलं, की तेव्हा खोटं का सांगितलं?

“लाज वाटली म्हून. बेचाळीस घरांची जोळ, न आयली चार घरां. सरकारच्या माणसाला काय सांगू, आमची जोळ मेली म्हून सांगू?”

“बाकीचे का नाही आले?”

काळूरामने टोपी काढली आणि हातात धरली. एकदा त्याने नातीकडे पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, परवानगीही मागितलेली नव्हती. तू आता जे ऐकशील ते नीट सांग, एवढंच होतं.

“माज्या पोरानी त्यांना सांगलां, जाऊ नका म्हून. घरोघर जाऊन सांगलां.”

बाईंची बोटं कळांवर थांबून होती. प्राप्तीला ते शब्द सांगायचे होते आणि खोलीत ते शब्द कळलेली माणसं फार तर दहा, ती सगळी गावची. दुसरं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ‘काही व्यक्तींनी ग्रामस्थांना परावृत्त केले.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. कायद्याच्या लिखाणात अशी वाक्यं पैशाला पासरी मिळतात. तिच्या चौथ्या प्रकरणात पानोपानी होती. कुणी केलं, कुणाचं गेलं, काही कळू न देता सगळं व्यवस्थित घडून जातं. मागे व्हरांड्याचं दार उघडं होतं.

“माझ्या मुलाने,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, “घरोघर जाऊन लोकांना बांधावर जाऊ नका असं सांगितलं.”

साहेबांनी मुलाचं पूर्ण नाव विचारलं. काळूराम बोलायच्या आत तिनेच सांगितलं. सदानंद काळूराम मोकल. साहेबांनी समोरच्या कागदांतलं तिचं ओळखपत्र उचललं, वाचलं, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“ते माझे वडील,” ती म्हणाली.

 साहेबांनी खात्याच्या माणसाला विचारलं, की या घरच्याच आहेत, यांच्या सांगण्याला तुमची हरकत आहे का? तो माणूस मूळचा पेणचा निघाला. म्हाताऱ्याचं बोलणं त्याला पहिल्यापासून कळत होतं. तो फाईल मिटून म्हणाला, की हरकत नाही, बाई बरोबर सांगताहेत.

सदाला आत बोलावलं. तो साक्षीच्या जागी उभा राहिला, शर्टाला हात पुसत. वडिलांचा जबाब त्याला वाचून दाखवला आणि खरं का, असं विचारलं. खरं आहे, असं तो म्हणाला. साहेबांनी थोडा वेळ लिहिलं. मग ते म्हणाले, की म्हणजे खांड कधी बुजलीच नव्हती. पंचनाम्यातला हा मुद्दा मी गृहीत धरणार नाही, दोन्ही बाजूंनी मिळून जागेची पाहणी करा, पुढची तारीख महिन्याने. रचनाताईने डोळे मिटून उघडले. जमीन मिळाली नव्हती, पण गेलीही नव्हती. साहेबांनी सदाला बसा म्हटलं, पण तो बसला नाही.

“आजून एक हाय साहेब,” तो म्हणाला. “मी पन गेल्तो बांधावर. दुसऱ्या दिवशी. वर उभा र्‍हायलो. खाली बाबा चिखलात, कंबरभर. गोदूबाई ढेपलां देत व्हती. मी बगत र्‍हायलो. भरती लागली, सगलां वाहून गेलां, मंग मी घरा आयलो.”

ही गोष्ट त्याने प्राप्तीला सांगितली नव्हती. तिने ती एकेक वाक्य करून बाईंना सांगितली. साहेबांनी, बहुधा अधिकारी म्हणून नव्हे, विचारलं, की मग उतरला का नाहीत?

“कोन हाक मारंल म्हून वाट बगली,” सदा म्हणाला. “मारली आसती तर उतरलो आसतो. निस्ता उभा र्‍हायलो.”

तेव्हा काळूराम उठला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो साहेबांकडे बघून बोलू लागला, पण मध्येच मुलाकडे वळला आणि पुढचं सगळं त्यालाच बोलला.

“बांधावर नावानं हाक मारत न्हाय. जोळीची रीत हाय ती. खांड गेली, खांड गेली, यवडाच वरडायचां. ज्याला नावानं बोलवायला लागतां, त्यो जोळीतला न्हाय. मना दिसल्तास तू. वर उभा व्हतास. मी मान फिरवली.” तो थांबला. हातातली टोपी त्याने उगीच उलटी केली, सुलटी केली. “हाक मारायला पायजे व्हती.”

सदाने भिंतीकडे तोंड केलं. बाईंनी प्राप्तीकडे पाहिलं, हे टाइप करायचं का? साहेब कागद आवरत म्हणाले, की हे घरगुती आहे, मुद्द्याशी याचा संबंध नाही, जबाबात घेण्याचं कारण नाही.

चार वर्षं प्राप्ती जोळीचे नियम गोळा करत होती. घरटी माणूस किती, ओहोटीला उतरायचं कधी, ढेपळ केवढं, सगळं तिच्या वह्यांत होतं. हा नियम साठांपैकी एकानेही सांगितला नव्हता, कारण तो सांगण्यासारखा नियम आहे, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

“साहेब, घ्या ते,” ती म्हणाली. “जबाब त्यांचा आहे.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि मान हलवली. प्राप्तीने सांगायला सुरुवात केली. बांधावर कुणाला नावाने हाक मारायची नाही, अशी जोळीची रीत होती. माझा मुलगा वर उभा असलेला मला दिसला, आणि मी मान फिरवली. तिसऱ्या वाक्याला ती अडखळली.  मग तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी त्याला हाक मारली नाही. मारायला हवी होती.